‘बिले आहेतच, मग मॉडेल कशाला?’ या आक्षेपाला उत्तर

शहरभरातल्या इमारतींच्या ऊर्जावापराचे संगणकीय मॉडेल करण्याचा विषय निघाला की एक मजकूर हमखास पुढे पाठवला जातो. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: वीज कंपन्यांकडे प्रत्येक मीटरचे बिल आहे, मग मॉडेलची गरज काय; एका इमारतीचाही वापर त्या मॉडेलला अचूक सांगता येत नाही; आणि पंख्याखाली, खिडक्या उघड्या ठेवून राहणाऱ्या आपल्या लोकांना ही परदेशी आकडेमोड लागू पडत नाही. तिन्ही विधानांत तथ्याचा अंश आहे, म्हणून ती चटकन पटतात. त्यांवरून काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा आहे.

आधी बिलांचे पाहू. मुंबईत मी राहतो त्या सोसायटीत, सर्वांत वरच्या मजल्यावर, मे महिन्यात रात्री नऊ वाजता स्टुलावर चढून छताला हात लावला, तर दिवसभर तापलेला स्लॅब अजून गरम लागतो. शेजारच्या इमारतीने गळती थांबवण्यासाठी गच्चीवर पत्र्याची शेड घातली. तिच्या सावलीमुळे तिथला स्लॅब तेवढा तापत नाही. दोन्हीकडच्या बिलांवर छापलेले असतात ते फक्त महिन्याचे युनिट. त्यांतले किती छतातून उतरलेल्या उष्णतेपायी गेले, किती पश्चिमेच्या खिडकीपायी आणि किती फ्रिज-गीझरवर, हे बिलावरून कळत नाही. लिफ्ट आणि पाण्याचा पंप सोसायटीच्या वेगळ्या मीटरवर असतात, तर स्वयंपाकाच्या गॅसचा हिशेब आणखी निराळा.

धोरण ठरवताना नेमकी हीच फोड लागते. निवासी इमारतींसाठीच्या ‘इको निवास संहिता 2018’ने छताच्या यू-मूल्याची, म्हणजे आत-बाहेरच्या तापमानात एका अंशाचा फरक असताना छताच्या एका चौरस मीटरमधून किती उष्णता पार होते त्या आकड्याची, मर्यादा 1.2 वॅट एवढी ठेवली आहे. उष्णतारोधक थर नसलेल्या साध्या काँक्रीटच्या स्लॅबचे हे मूल्य तीनच्या वर असते. ही मर्यादा शहरातल्या जुन्या गच्च्यांनाही लावली, तर मे महिन्यातल्या रात्रीची विजेची मागणी किती उतरेल? अजून न झालेल्या बदलाचे बिल कुठल्याही कंपनीकडे नसते. ते आधी गणितानेच काढावे लागते.

दुसरा आक्षेप अचूकतेचा, आणि तो नीट समजून घेण्याजोगा आहे, कारण एका घरात माणसे किती, एसी कधी लावतात, हे मॉडेलला ठाऊक नसते. अमेरिकेतल्या बॉस्टन शहराचे उदाहरण पाहावे. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात एमआयटी या विद्यापीठाच्या संशोधकांनी तिथल्या 83,541 इमारतींचे पायाकार (जमिनीवर व्यापलेला आकार) आणि उंची सरकारी नकाशांवरून घेतली, वापर आणि बांधकामाचा काळ पाहून प्रत्येक इमारत 52 ठरावीक नमुना-इमारतींपैकी एकीत बसवली आणि तासातासाची मागणी काढली. अशा पद्धतीत एखाद्या इमारतीचा अंदाज बराच चुकू शकतो; पण एकाचा अंदाज वर आणि दुसऱ्याचा खाली गेला, तर हजारो इमारतींच्या बेरजेत चुका पुष्कळशा एकमेकींना रद्द करतात. वस्तीला सबस्टेशन किती क्षमतेचे हवे, या प्रश्नाला बेरीजच लागते. नमुनाच चुकीचा धरला, उदाहरणार्थ सगळ्या जुन्या चाळींना एसी आहे असे मानले, तर मात्र सगळ्या चुका एकाच दिशेला जातात आणि बेरीजही फसते. तो दोष पकडण्याचे साधन म्हणजे हीच बिले, त्यामुळे बिले विरुद्ध मॉडेल असा वाद मांडणेच मला गैर वाटते.

उरला ‘आपल्याकडे लागू नाही’ हा मुद्दा. परदेशातले नमुने जसेच्या तसे उचलले, तर तो शंभर टक्के खरा आहे. पण अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाने भारतीय इमारतींत काम करणाऱ्या माणसांना किती तापमान सुसह्य वाटते याचा अभ्यास करून बसवलेले सूत्र 2016 च्या राष्ट्रीय इमारत संहितेत आले आहे, आणि ते उघड्या खिडक्यांच्या इमारतींचाही विचार करते. उलट, एसी नसलेल्या घरांत किती तास असह्य उकाडा राहतो, हे बिलात कधीच उमटत नाही. छत कितीही तापले तरी पंख्याचे युनिट जवळजवळ तेवढेच येतात. मॉडेल ते तास मोजू शकते.

आणि एक इमारत दुसरीवर परिणाम करते, तिथे एकेका इमारतीचा सुटा हिशेब अपुरा पडतो. पुनर्विकासात तीन मजली घराशेजारी टॉवर उभा राहिला की त्याची सावली आणि अडलेला वारा, दोन्ही त्या घराच्या वाट्याला येतात. सावलीने गच्ची कमी तापेल, वारा अडल्याने खोल्या कोंदट होतील, आणि जिथे आजवर पंख्यावर भागत होते तिथे एसी बसेल. परवानगी देण्याआधी हा परिणाम तपासायचा असेल, तर महापालिकेने इमारतींची उंची, वय आणि वापर यांची माहिती खुली करावी आणि वीज कंपन्यांनी ग्राहकांची ओळख काढून टाकून वस्तीनिहाय, तासातासाचा वापर उपलब्ध करून द्यावा, एवढीच मागणी आहे.