‘दुकानदारानेच सांगितलं’: बंदूक खरेदीच्या त्या मेसेजमधलं काय चुकीचं आहे

अमेरिकेतल्या मराठी ग्रुपांमध्ये एक मेसेज पुन्हा पुन्हा फिरतो. त्याचा मजकूर थोडक्यात असा: सोन्यासाठी आपल्या लोकांची घरं हेरून फोडतात, तेव्हा घरात बंदूक ठेवा. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असाल तरी अडत नाही, ड्रायव्हिंग लायसन्स दाखवलं की मिळते. नाहीच दिली तर ग्रीन कार्डवाल्या मित्राच्या नावावर घ्या. शॉटगन घ्या, तिला नेम धरावा लागत नाही आणि नुसत्या खटक्याच्या आवाजाने चोर पळतो. पिस्तूल हवं असेल तर पॉइंट ४५ (इंचाच्या जाड गोळीचं), एका गोळीत माणूस मागे फेकला जातो. बायकोसाठी छोटं रिव्हॉल्व्हर. आणि चोर दारात पडला तर त्याला आत ओढून घ्या, म्हणजे केस होत नाही. शेवटी शिक्कामोर्तब: ‘हे दुकानदारानेच सांगितलं आहे.’

मी टेक्सासमध्ये राहतो आणि बंदूक बाळगतो, त्यामुळे हे सगळं बंदुकांच्या दुकानात काउंटरवर मीही ऐकलेलं आहे. सांगणारे बहुतेक वेळा भले लोक असतात आणि अगदी मनापासून सांगतात. पण कागदावर सही आपली असते, आणि व्हिसाही आपलाच असतो.

मेसेजमधली भीती मात्र खोटी नाही. २०११ ते २०१४ या काळात एका टोळीने जॉर्जिया, न्यूयॉर्क, ओहायो, मिशिगन आणि टेक्सासमध्ये भारतीय आणि आशियाई कुटुंबांची घरं ठरवून लुटली. घरात माणसं असताना दरोडेखोर आत घुसत होते. टोळीच्या सूत्रधार बाईला मिशिगनच्या फेडरल (केंद्रीय) कोर्टाने ३७ वर्षांची शिक्षा दिली. तेव्हा बंदूक घ्यावीशी वाटणाऱ्याला मी वेड्यात काढणार नाही. माझं भांडण मेसेजमधल्या बाकीच्या वाक्यांशी आहे.

पहिलं वाक्य: ‘ड्रायव्हिंग लायसन्सवर मिळते.’

लायसन्स फक्त ओळख आणि पत्ता पटवतं. खरा प्रश्न फॉर्म ४४७३ मध्ये असतो. परवानाधारक दुकानातून बंदूक घेणाऱ्या प्रत्येकाला तो भरावा लागतो, आणि त्यात नागरिकत्व व व्हिसा स्पष्ट विचारलेले असतात. फेडरल कायद्यानुसार नॉनइमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या वास्तव्याच्या, व्हिसावर आलेल्या माणसाला बंदूकच काय, काडतूससुद्धा जवळ बाळगता येत नाही. एच-वन-बी, जोडीदाराचा एच-फोर, विद्यार्थ्यांचा एफ-वन, कंपनीने बदलीवर आणलेल्यांचा एल-वन, भेटीला आलेल्या आई-बाबांचा बी-टू, सगळे यात आले. ग्रीन कार्ड असलेल्यांना ही बंदी नाही.

या बंदीला अपवाद आहेत. त्यातला आपल्या कामाचा एकच, आणि अर्धवट सांगितला जातो तोही हाच: अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याचा वैध शिकार परवाना. तो असेल तर एच-वन-बी वाल्याला फेडरल कायद्याने बंदूक घेता येते. काही दुकानदार यामुळेच सांगतात, ‘काही नाही, एक हंटिंग लायसन्स काढून या.’ इथपर्यंत बरोबर आहे. पण परवाना संपला की काय होतं, हे कोणी सांगत नाही. टेक्सासचा शिकार परवाना दरवर्षी ३१ ऑगस्टला संपतो. तुम्ही डिसेंबरमध्ये परवाना काढून बंदूक घेतली आणि पुढच्या १ सप्टेंबरला नूतनीकरण विसरलात, तर कपाटात ठेवलेली तीच बंदूक त्या दिवसापासून फेडरल गुन्हा होते. त्याला १५ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. बंदुकीचा एकही बार काढलेला नसला तरी.

याला जोडून येणारा गैरसमज म्हणजे ‘चेक पास झाला, म्हणजे कायदेशीर झालं.’ दुकानदार फॉर्मवरची माहिती १९९८ पासून चालू असलेल्या एफबीआयच्या तपासणी यंत्रणेकडे पाठवतो. ती यंत्रणा तिच्या नोंदींत काय आहे तेवढंच बघते. तिच्या नजरेतून सुटलं म्हणून बंदी उठत नाही. टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून परवान्याशिवाय पिस्तूल जवळ बाळगता येतं, त्याचंही तेच. ज्याला फेडरल कायद्याने मुळात शस्त्र ठेवायची मनाई आहे, त्याला राज्याची ही सूट मिळत नाही.

इथे रेंजचंही सांगायला हवं, कारण ते अगदी निरागसपणे घडतं. भारतातून आई-बाबा आले की ग्रँड कॅन्यन होतं, नायगारा होतो, आणि कोणीतरी हौसेने बाबांना शूटिंग रेंजवर नेतं. हातात भाड्याचं पिस्तूल, कानाला मफ, आणि फोटो लगेच फॅमिली ग्रुपवर. काउंटरवर कोणी अडवलेलं नसतं, पण हातात घेतलेली बंदूक कायद्याच्या भाषेत बाळगलेलीच बंदूक. फ्लोरिडात असंच एक प्रकरण झालं. परदेशी विद्यार्थ्याला मार्कांमुळे विद्यापीठाने काढलं, त्याबरोबर त्याचं स्टेटस, म्हणजे इथे राहण्याचा कायदेशीर दर्जा, गेलं, आणि नंतर तो रेंजवर जाऊन गोळ्या झाडून आला. एवढ्यावरून त्याच्यावर फेडरल खटला चालला आणि तो सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. २०१९ मध्ये कोर्टाने म्हटलं की आपलं स्टेटस काय आहे हे त्याला ठाऊक होतं, हे सरकारने सिद्ध केलं पाहिजे. काही जण हा निकाल ढाल म्हणून पुढे करतात. ज्याला आपल्या आय-७९७ वरची (व्हिसा-मंजुरीच्या कागदावरची) तारीख पाठ असते, त्या एच-वन-बी वाल्याला ही ढाल कितीशी उपयोगी पडणार?

दुसरं वाक्य: ‘मित्राच्या नावावर घ्या.’

अख्ख्या मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य हे. फॉर्मवरच्या प्रश्नांच्या यादीत पहिलाच प्रश्न असतो की ही बंदूक खरोखर घेणारे तुम्हीच का. दुसऱ्यासाठी घेत असताना तिथे ‘हो’ लिहिणं हाच गुन्हा. त्याला इथे स्ट्रॉ परचेस म्हणतात. व्हर्जिनियातल्या एका माजी पोलिसाने सवलतीत मिळतं म्हणून नात्यातल्या एका वडीलधाऱ्यासाठी ग्लॉक पिस्तूल घेतलं. दोघांनाही बंदूक घ्यायचा पूर्ण हक्क होता, कोणाच्याही नावावर काही डाग नव्हता. तरीही २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी त्याला दोषी धरलं. मग जिथे ज्याच्यासाठी घ्यायची त्यालाच बंदी आहे, तिथे सुटकेची आशा कुठून धरायची? जून २०२२ च्या कायद्याने स्ट्रॉ परचेस हा स्वतंत्र फेडरल गुन्हा केला, शिक्षा १५ वर्षांपर्यंत. आणि ग्रीन कार्डवाला मित्र हा अमेरिकी नागरिक नव्हे. शस्त्रांच्या गुन्ह्यात दोषी ठरला तर त्यालाही हद्दपार करता येतं. ज्याने वीस वर्षं रांगेत घालवून ते कार्ड मिळवलं, त्याला मैत्रीखातर हे करायला लावू नका.

नवरा एच-वन-बी वर आणि बायकोकडे ग्रीन कार्ड, अशी घरंही आहेत. तिने स्वतःसाठी घेतलेली बंदूक कायदेशीर आहे. पण ती दोघांच्या कपाटात, दोघांना ठाऊक असलेल्या कोडच्या तिजोरीत असेल, तर ती नवऱ्याच्याही ताब्यात आहे असं सरकारी वकील म्हणू शकतो. कोड फक्त तिच्याकडेच राहू द्या, आणि घेण्याआधी इमिग्रेशन वकिलाला एकदा विचारा.

तिसरं: ‘शॉटगनला नेम लागत नाही.’

हा समज काउंटरपुरता नाही. फेब्रुवारी २०१३ मध्ये तेव्हाचे उपराष्ट्राध्यक्ष जो बायडेन यांनीही जाहीरपणे सांगितलं होतं की शॉटगन घ्या; आपण बायकोला सांगून ठेवलं आहे की काही झालं तर दुनळी घेऊन बाल्कनीत जायचं आणि दोन बार काढायचे. दोन बार काढल्यावर दुनळी रिकामी होते. आणि वस्तीत हवेत गोळी झाडणं हा बऱ्याच ठिकाणी स्वतंत्र गुन्हा आहे.

नेमाचं म्हणाल, तर घरातलं अंतर पाच-सात मीटरचं. बारा बोअरच्या शॉटगनच्या नेहमीच्या डबल-ऑट बकशॉट (जाड छर्ऱ्यांच्या) काडतुसात साधारण साडेआठ मिलिमीटरचे नऊ छर्रे असतात. तेवढ्या अंतरात ते मुठीएवढ्या, फार तर तळहाताएवढ्या वर्तुळात राहतात. खोलीभर पसरत नाहीत. नेम चुकला तर नऊच्या नऊ छर्रे चुकतात, आणि इथल्या घरांच्या भिंती अर्ध्या इंची जिप्समच्या. एकामागून एक अशा कित्येक भिंती बकशॉट आरपार करतो. चोराच्या पाठीमागे मुलांची खोली आहे का, हे बंदूक घेण्याच्या आधी घरात फिरून बघायचं असतं. खटक्याच्या आवाजाने एखादा पळेलही, पण न पळणाऱ्याला तुम्ही कुठे उभे आहात ते त्याच आवाजाने कळतं.

पॉइंट ४५ ने माणूस मागे फेकला जातो, याचं उत्तर शाळेतल्या भौतिकशास्त्रात आहे. सुमारे १५ ग्रॅमची गोळी सेकंदाला २६० मीटर वेगाने जाते. तिचा सगळा संवेग ७५ किलोच्या माणसाला दिला तरी त्याला सेकंदाला जेमतेम पाच सेंटिमीटरचा वेग मिळतो. तेवढाच धक्का झाडणाऱ्याच्या हातालाही बसतो, आणि तो काही उडून पडत नाही. १९८६ च्या मायामीतल्या चकमकीत दोन एजंट गमावल्यावर एफबीआयने मोठ्या कॅलिबरचा, म्हणजे जाड गोळीचा, ध्यास घेतला, आणि २०१६ पर्यंत ती संस्था पुन्हा लहान, ९ मिमीच्या गोळीवर आली. गोळी कुठे लागते आणि किती खोल जाते, याला महत्त्व आहे.

‘बायकोसाठी छोटं रिव्हॉल्व्हर’ हे तर डोळ्यांसमोर घडताना पाहिलं आहे. बंदूक बाईला हवी असते, प्रश्न ती विचारते, आणि काउंटरमागचा माणूस उत्तरं नवऱ्याला देतो. मग तिच्यापुढे गुलाबी दस्त्याचं, सव्वाचारशे ग्रॅमचं रिव्हॉल्व्हर ठेवतो. एवढ्या हलक्या शस्त्राचा धक्का सगळा मनगटात येतो. त्याचा चाप पाच किलोच्या आसपास ताकदीने ओढावा लागतो, आणि नळी इतकी आखूड की नेम हलतोच. सराव असलेल्यांनाही ते जड जातं. बाईने मधल्या आकाराचं ९ मिमी पिस्तूल रेंजवर आधी चालवून बघावं (व्हिसाची अडचण नसेल तर), आणि आपल्या हाताला काय जमतं ते स्वतः ठरवावं.

शेवटचं वाक्य: ‘दारात पडला तर आत ओढा.’

टेक्सासमध्ये पुराव्यात फेरफार हा गंभीर गुन्हा आहे, आणि मृतदेहाच्या बाबतीत तो आणखी गंभीर होतो. ओढल्याच्या खुणा आणि रक्ताचा माग तपासणाऱ्याला दिसतोच. खरोखर स्वसंरक्षण झालं असेल, तरी त्या एका कृतीने तुमच्या शब्दावरचा ज्युरीचा विश्वास जातो. देह उंबऱ्याच्या आत होता की बाहेर, एवढ्यावर कायदा ठरत नाही. जिवाला धोका आहे असं वाटणं वाजवी होतं का, हे तो विचारतो.

आणि दारातला माणूस चोरच असेल, हे कोणी ठरवलं? नोव्हेंबर २०१३ मध्ये मिशिगनच्या डिअरबॉर्न हाइट्समध्ये १९ वर्षांच्या एका तरुणीने पहाटे एका घराचं दार ठोठावलं. काही तासांपूर्वी तिच्या गाडीला अपघात झाला होता. घरमालकाने आतलं दार उघडलं आणि जाळीच्या दारातून शॉटगन चालवली. तिचा पोर्चमध्येच जीव गेला. पुढच्या वर्षी ज्युरीने त्याला सेकंड डिग्री मर्डरसाठी (पूर्वनियोजित नसलेल्या खुनासाठी) दोषी ठरवलं. एप्रिल २०२३ मध्ये कॅन्सस सिटीत धाकट्या भावांना घ्यायला निघालेल्या १६ वर्षांच्या मुलाने चुकीच्या घराची बेल वाजवली आणि त्याच्यावर दोन गोळ्या झाडल्या गेल्या. तो वाचला. त्याच आठवड्यात न्यूयॉर्क राज्यात वाट चुकून परक्या घराच्या आवारात शिरलेल्या गाडीतली २० वर्षांची मुलगी मेली. गोळी झाडणारा खुनासाठी दोषी ठरला.

आपल्या वस्त्यांमधली घरं एकाच नकाशावर बांधलेली, दारं एकाच रंगाची. रात्री जेवून शतपावलीला निघालेले आई-बाबा हमखास शेजारच्या दाराशी जाऊन उभे राहतात. बाहेर कोणी असेल तर दार बंदच ठेवा, पोर्चचा दिवा लावा, कॅमेऱ्यात बघा, आतूनच कोण आहे ते विचारा आणि ९११ लावा. सोनं बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा. आणि तो मेसेज आला तर पुढे पाठवण्याआधी त्यातलं मित्राच्या नावाचं वाक्य ज्याच्याकडून आला त्याला वाचून दाखवा, कारण उद्या दुसऱ्यासाठी फॉर्मवर सही करून बसलेला तोच असेल.