हळदीचं दूध आणि पेशीतला ‘स्विच’

नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘एनएफ-कप्पा-बी हा सगळ्या रोगांचा स्विच. रोज हळदीचं दूध प्या, स्विच कायमचा बंद, प्रतिकारशक्ती दुप्पट!’ यातलं खरं एवढंच, की या नावाचं प्रथिन आहे आणि दाहाशी त्याचा संबंध आहे.

‘रोगांचा स्विच’? रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर या शास्त्रज्ञांना ते १९८६ मध्ये सापडलं तेच मुळी अँटिबॉडी बनवणाऱ्या बी-पेशींत, अँटिबॉडीच्या कप्पा साखळीच्या जनुकाला चिकटणारं. नाव त्यावरूनच पडलं. जंतूची चाहूल लागली की संरक्षणाची जनुकं जागी करणं हे त्याचं काम. त्याला चालना देणाऱ्या साखळीतलं ‘नेमो’ प्रथिन ज्या मुलांत जन्मतः सदोष असतं, त्यांना वारंवार गंभीर संसर्ग होतात. तेव्हा ‘कायमचा बंद’ आणि ‘दुप्पट’ यांतलं कुठलं हवं, ते मेसेजवाल्यांनी आधी ठरवावं.

बरं, एरवी हा स्विच बंदच असतो. आयकप्पाबी नावाचं प्रथिन त्याला केंद्रकाबाहेर धरून ठेवतं. जंतू आले की आयकप्पाबी मोडीत निघतं आणि एनएफ-कप्पा-बी काही मिनिटांत केंद्रकात शिरतं. तिथे ते जी जनुकं चालू करतं, त्यांत आयकप्पाबीचंही असतं! स्वतःला बांधायचा दोर स्वतःच वळायचा, असा हा प्रकार.

खरं तर ‘स्विच’ ही उपमाच तोकडी आहे. डीएनए हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो आणि बरीच जनुकं त्या गुंडाळीत दबलेली असतात. एनएफ-कप्पा-बी नुसतं पोचून भागत नाही. २००८ मध्ये फळमाशी आणि उंदीर, दोघांतही अकिरिन ही केंद्रकातली प्रथिनं उजेडात आली. उंदरांच्या जंतू गिळणाऱ्या भक्षक पेशींत अकिरिन-२ गुंडाळी सैल करणाऱ्या यंत्रणेला नेमक्या जनुकापाशी आणतं. ते नसेल तर इंटरल्यूकिन-६ या दाहाचा निरोप देणाऱ्या प्रथिनाचं जनुक नीट चालू होत नाही. काही जनुकांचं मात्र त्याच्यावाचून अडत नाही. हाक एकच, पण ओ कोणी द्यायची हे ठरवण्यात अशा मदतनिसांचा हात असतो.

राहिली हळद. प्रयोगशाळेतल्या बशीत पेशींवर कर्क्युमिन हे हळदीतलं द्रव्य घातलं की एनएफ-कप्पा-बी दबतं, हे मान्य. पण हळदीत ते जेमतेम २ ते ५ टक्के, आणि पोटातून रक्तात पोचतं त्याहून कितीतरी कमी. शोषण वाढवायला मिरीचा अर्क घातलेल्या कॅप्सूल मिळतात. त्या घेणाऱ्या काहींच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. भाजीतल्या चमचाभर हळदीबद्दल माझी तक्रार नाही.

‘भारताने हळदीचं पेटंट जिंकलं’ हा पुरावाही जोडलेला असतो. १९९७ मध्ये अमेरिकेतलं ते पेटंट रद्द झालं, पण तो वाद जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याचा होता, आणि आपलं म्हणणं एवढंच होतं की हे आम्हाला आधीपासून ठाऊक आहे.