तळघराला एकच ओळ?
पॅरिसच्या तूर दार्जां या रेस्टॉरंटवरच्या तुमच्या लेखात तिथल्या क्रमांक घातलेल्या बदकाचं भरपूर कौतुक आहे (वाढलेल्या प्रत्येक बदकाला क्रमांक द्यायची ती प्रथा १८९०ची), पण वाइनच्या तळघराला जेमतेम एक ओळ! अहो, या रेस्टॉरंटचा खरा जीव तिथंच आहे. तीन लाखांच्या आसपास बाटल्या, वाइनची यादी चारशे पानांची. १९४० साली जर्मन फौजा शहरात शिरायच्या आत मालकांचे चिरंजीव क्लोद तेराय यांनी निवडक बाटल्यांपुढे भिंत घालून घेतली, म्हणून त्या वाचल्या. २००९मध्ये सुमारे १८,००० बाटल्या लिलावात काढल्या, तरी साठा आटला नाही.

जाणाऱ्यांनी दुपारचा सेट मेनू घ्यावा, रात्रीपेक्षा बराच स्वस्त पडतो. आणि यादी चाळत बसण्यापेक्षा सोमेलिएला (वाइन सुचवणाऱ्या जाणकाराला) बजेट सरळ सांगा. लाजायचं काय त्यात?