‘जुन्या डिझेलला वीज लागतच नाही’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

‘सेल्फ फिरतो पण गाडी स्टार्ट घेत नाही’ या माझ्या लेखावर (सेल्फ म्हणजे इंजिन फिरवून चालू करणारी मोटर) आलेली प्रतिक्रिया बरीच लांब आहे. तिचा गाभा तुमच्याच शब्दांत देतो, म्हणजे मी मोडतोड केली असं कोणी म्हणायला नको: “जुन्या डिझेल इंजिनाला वीज लागतच नाही. मल्टिमीटर घेऊन वायरी चाटत बसण्यापेक्षा सरळ पंप उतरवून कॅलिब्रेशनला टाका. पुस्तकी ज्ञान पाजळून लोकांचा वेळ घालवू नका.” इथे पंप म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या नोझलना दाबाने डिझेल पुरवणारा पंप, आणि कॅलिब्रेशन म्हणजे त्याची मोजून केलेली जुळणी. पुढे हायड्रोमीटरचा (बॅटरीतल्या आम्लाची घनता मोजणारी नळी), हवेचा आणि फिल्टरचा असे तीन मुद्दे आहेत.

आधी सुराबद्दल. मतभेद असावेत, त्याशिवाय या कामात कोणी शिकत नाही. पण ‘वायरी चाटत’ ही काय भाषा झाली? लेखातलं एखादं रीडिंग चुकीचं वाटलं असेल तर ते कोणतं, तुमच्याकडे किती आलं, कुठे प्रोब लावून आलं, एवढं लिहायचं होतं. त्यातलं काहीच तुम्ही लिहिलेलं नाही. ‘पुस्तकी’ म्हणायच्या आधी निदान लेख शेवटपर्यंत वाचायचा, कारण पंप कधी उतरवायचा हे त्यात लिहिलेलं आहे. इन्लाइन (प्रत्येक सिलिंडरला वेगळा दट्ट्या) आणि रोटरी (एकच फिरता भाग सगळ्यांना वाटणारा), दोन्ही पंपांच्या इंजिनांवर मी स्वतःच्या हातांनी काम केलेलं आहे, आणि लेखातली प्रत्येक पायरी त्या कामातूनच आलेली आहे.

हायड्रोमीटरचं तुमचं म्हणणं मात्र बरोबर आहे. बॅटरीची झाकणं उघडत असतील तर प्रत्येक सेलची ग्रॅव्हिटी (आम्लाची घनता) बघणं हे नुसत्या व्होल्टेजपेक्षा जास्त सांगून जातं. पूर्ण चार्ज सेल १.२६ ते १.२८ च्या आसपास दाखवतो, आणि सहांपैकी एकच सेल खूप खाली असेल तर ती बॅटरी गेली असं धरायचं. हे लेखात यायला हरकत नव्हती.

आता ‘वीज लागतच नाही’ या वाक्याकडे येतो, कारण हेच वाक्य ऐकून लोक चांगले पंप खोलतात.

ओढून डिझेल बंद करायच्या स्टॉप केबलचं, मेकॅनिकल पंपाचं इंजिन एकदा चालू झालं की विजेशिवाय चालतं. हे कोणीच नाकारत नाही. पण ते चालू कोण करतं? डिझेलमध्ये स्पार्क नसतो. दाबलेल्या हवेची उष्णता डिझेल पेटवते. सेल्फ हळू फिरवत असेल तर प्रत्येक दाबाला हवा रिंगांमधून निसटायला आणि उष्णता सिलिंडरच्या भिंतीत मुरायला जास्त वेळ मिळतो. फिरण्याचा वेग मिनिटाला शंभर-दीडशे फेऱ्यांच्या खाली गेला की थंड इंजिन पेटायला मागत नाही. पंप ठणठणीत, नोझल ठणठणीत, तरी गाडी स्टार्ट घेत नाही. आणि अशा वेळी सायलेन्सरमधून पांढरा धूर येत असेल, तर तो धूर म्हणजे न जळलेलं डिझेल. याचा अर्थ डिझेल सिलिंडरपर्यंत पोचतंय. कॉम्प्रेशन गेलेलं असू शकतं, टायमिंग (डिझेल फवारण्याची वेळ) मागे असू शकतं, हवा तापवणारा हीटर मेलेला असू शकतो, वेग कमी असू शकतो. पण पंप डिझेलच टाकत नाही, हा निष्कर्ष तिथेच बाद होतो. तुमच्या सल्ल्याने पहिला उतरणार तो नेमका डिझेल टाकणारा पंप.

वेग का कमी पडतो? मोठ्या इंजिनाचा सेल्फ शेकडो अँपिअर ओढतो. ५०० अँपिअर धरा. वाटेत कुठेतरी ०.००४ ओहमचा अडथळा असेल, तर तिथे २ व्होल्ट जागीच खर्च होतात. हा ०.००४ साध्या मल्टिमीटरच्या ओहम रेंजवर दिसत नाही, त्याच्या स्वतःच्या वायरींचाच अडथळा त्याच्या कितीतरी पट असतो. म्हणून ‘वायर चेक केली, बीप वाजतो’ याला काही अर्थ नाही. केबलमधल्या चार तारा शिल्लक असल्या तरी बीप वाजतो. लगच्या (केबलच्या टोकाला बसवलेल्या कडीच्या) मागे दोन बोटं इन्सुलेशन कापून बघा: तांबं काळं पडलेलं, मधे हिरवी भुकटी, आणि वाकवल्यावर तारा कुरकुरत तुटतात. बाहेरून हीच केबल नव्यासारखी दिसते.

म्हणून तपासणी लोड असतानाच करायची. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, स्टॉप केबल ओढून धरलेली म्हणजे इंजिन धरणार नाही. एकाने सेल्फ मारायचा, दुसऱ्याने मीटर डीसी व्होल्टवर ठेवून बघायचं. एक प्रोब बॅटरीच्या प्लसच्या खुंटीवर, दुसरा सेल्फच्या मोठ्या बोल्टवर. खुंटीवर म्हणजे शिशाच्या खुंटीवरच, क्लॅम्पवर नाही. क्लॅम्पवर लावलात तर क्लॅम्प आणि खुंटी यांच्यामधला, सगळ्यात जास्त आढळणारा फॉल्ट मोजमापातून निसटतो. मग मायनसची खुंटी ते इंजिन ब्लॉक. २४ व्होल्टच्या गाडीत दोन्ही बाजूंची गळती (म्हणजे वाटेतच खर्च होणारे व्होल्ट) मिळून एक व्होल्टच्या आत असली पाहिजे. जास्त असेल तर प्रोब एकेक जोड पुढे सरकवत न्यायचा: खुंटी ते क्लॅम्प, क्लॅम्प ते लग, लग ते बोल्ट. जिथे आकडा उडी मारतो तिथे पाना लावायचा. अर्थिंगची पट्टी चेसिसवरून इंजिनला येत असेल तर ती विसरू नका. रंग किंवा गंज यांच्यावर घट्ट केलेला बोल्ट दिसायला घट्ट असतो, करंट मात्र जात नाही. एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका, मधे एक-दोन मिनिटं थांबा.

दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये असतात तिथे आणखी एक फसवणूक होते. उभ्या गाडीत मीटर २५ च्या वर दाखवतो, सगळे खूश. सेल्फ मारताना प्रत्येक बॅटरी वेगळी मोजा. एक १०.५ वर राहते आणि दुसरी ७.८ वर कोसळते, बेरीज १८.३, आणि सेल्फ रडतो. एकूण आकडा १९-२० च्या खाली गेला की दोघींपैकी गुन्हेगार कोण हे याच मोजमापातून कळतं.

शिवाय सगळी जुनी इंजिनं केबलने बंद होणारी नसतात. अनेक रोटरी पंपांवर सोलेनॉइड (डिझेल चालू-बंद करणारा विजेचा खटका) असतं, चावी ऑन असेपर्यंत त्याला करंट लागतो, करंट गेला की डिझेल बंद. खड्ड्यात गाडी आदळली की इंजिन मरतं आणि परत सेल्फ मारला की धरतं, अशा तक्रारीत बऱ्याचदा सोलेनॉइडच्या टर्मिनलवरची सैल वायर किंवा चावीचा झिजलेला स्विच सापडतो. चावी ऑन करताना ‘टक’ आवाज येतो का ऐका. नसेल तर बॅटरीपासून फ्यूज लावलेली तात्पुरती वायर थेट सोलेनॉइडला द्या. त्यावर गाडी नीट चालली तर पंपाला हात लावू नका, दोष चावी ते सोलेनॉइड या वाटेत आहे. ही वायर असेपर्यंत चावी फिरवून इंजिन बंद होणार नाही, ती काढूनच बंद होईल, हे आधी सगळ्यांना सांगून ठेवा. आता सांगा, ‘वीज लागतच नाही’ हे वाक्य यात कुठे बसतं?

तुमचे बाकीचे मुद्दे थोडक्यात. ‘हवा घेत असेल तर डिझेल गळताना दिसेलच’ हे फीड पंपाच्या (टाकीतून डिझेल ओढून मुख्य पंपाला देणारा छोटा पंप) पुढच्या भागाला लागू आहे. टाकीपासून फीड पंपापर्यंत लाइन ओढली जाते, तिथली फट हवा आत घेते आणि बाहेर थेंबही टाकत नाही. पारदर्शक नळीचा तुकडा जोडा, बुडबुडे डोळ्यांना दिसतात. बॅन्जो बोल्टचे (डिझेल आतून जाणारा पोकळ बोल्ट) तांब्याचे वायसर दरवेळी नवे घाला. फिल्टरचं तुम्ही जे लिहिलंत ते लेखात आहेच, परत काय लिहू?

आता पंप उतरवण्याबद्दल. प्लंजर (पंपातला दट्ट्या) आणि बॅरल (त्याचं नळकांडं) यांच्यातली फट काही मायक्रॉनची असते. धुळीत पाइप उघडे टाकून, खूण न करता पंप काढला तर कचरा आत जातो, टायमिंग हलतं, आणि मूळचा दोष तसाच राहतो. सेल्फचा वेग पुरेसा, लाइनमध्ये बुडबुडे नाहीत, फीड पंप दाब देतोय, टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक मोकळं आहे, सोलेनॉइड किंवा स्टॉपचा दांडा पूर्ण ‘रन’वर येतोय, आणि तरीही नोझलच्या पाइपचे नट सैल करून सेल्फ मारल्यावर तिथे डिझेल येत नाही, तेव्हा पंप खुशाल उतरवा. नट सैल करताना डोळ्यांवर चष्मा ठेवा आणि हात लांब ठेवा. त्या दाबाचं डिझेल कातडीत घुसतं, तसं झालं तर जखम किरकोळ दिसली तरी लगेच डॉक्टर गाठायचा.

तुमच्या गाडीचा पंप अजून उतरवला नसेल, तर सेल्फ मारतानाचे दोन्ही बॅटऱ्यांचे वेगवेगळे आकडे, प्लस आणि अर्थिंगची गळती आणि धुराचा रंग एवढं इथे लिहा. त्यावर बोलायला मी तयार आहे. ‘पुस्तकी’वर पुन्हा उत्तर देणार नाही.