'एकच टेबल पुरे' हा मेसेज दाजींपर्यंत पोचला म्हणून

परवा रात्री दाजींचा फोन आला. "अरे, तू स्टॉकसाठी डेटाबेसमध्ये ती चार टेबलं, म्हणजे तक्ते, करून दिली होतीस ना, ती मी एकात घेतली. ग्रुपवर आलं होतं, छोट्या वर्कशॉपला एवढं लागतच नाही म्हणे." मी विचारलं, दाजी, आवक-जावकच्या नोंदी कुठे गेल्या? तर म्हणाले त्या काढून टाकल्या, शेवटचा आकडा ठेवलाय. आठ महिन्यांच्या नोंदी! अकरा दिवसांपूर्वीचा बॅकअप सापडला म्हणून निभावलं. हा मेसेज मी आधीही दोन-तीन ठिकाणी बघितला होता आणि कुठे वाद घालायचा म्हणून सोडून दिला होता, आता घरातच आलाय तर लिहितोच.

मेसेजचं म्हणणं असं: पार्ट, सप्लायर, नोंदी अशी वेगळी टेबलं म्हणजे कंप्यूटरवाल्यांनी काम वाढवायला काढलेलं खूळ. एकच शीट ठेवा. पार्टचं नाव हीच त्याची ओळख. माल आला की स्टॉकचा आकडा वाढवा, गेला की कमी करा, जुना आकडा ठेवायची गरज नाही. एक्सेलमध्ये लिहिलेलं कुठे जात नाही. आणि डेटाबेस म्हटलं की सर्व्हर आला, माणूस आला, खर्च आला.

सगळ्यात घातक मुद्दा तिसरा, म्हणून आधी तोच घेतो. जुना आकडा पुसून नवा लिहा. ज्यानं हे लिहिलंय त्यानं रॅकसमोर उभं राहून कधी स्टॉक जुळवलेला नाही, एवढं नक्की. समजा '६२०४' नंबरचे बेअरिंग, महिन्याच्या सुरुवातीला मोजले तेव्हा ४० होते. मग २० आले, ४ गेले, परत ४ गेले, २ गेले, १ परत आला. हिशोबानं ५१ पाहिजेत. रॅकमध्ये मोजले तर ४७. आता शीटमध्ये फक्त '५१' लिहिलेलं असेल तर तुम्ही काय विचारणार आणि कुणाला? तो आकडा कुठून आला हेच पुसलं गेलंय. कुणी ४ काढून लिहायचं विसरलं, की पहिलीच मोजणी चुकली, की २० च्या जागी १६च आले होते, काहीच कळायला मार्ग नाही, मग संशय येतो तो पोरांवर आणि वर्कशॉपमधलं वातावरण बिघडतं ते वेगळंच. तेच प्रत्येक हालचालीची एक ओळ असेल, म्हणजे तारीख, पार्ट, किती, आत की बाहेर, कुठल्या कामासाठी, कुणी, तर पाच ओळी डोळ्यांसमोर असतात. वीसच्या ओळीवरून मालाबरोबर आलेलं डिलिव्हरी चलन काढून बघता येतं. चार-चारच्या दोन जॉबवर खरंच दोन वेळा लागले का ते बघता येतं. फरक सापडतोच असं नाही, पण शोधता तरी येतो.

आणि सापडला नाही तरी जुन्या ओळीला हात लावायचा नाही. 'मोजणी फरक, वजा ४' अशी नवी ओळ घालायची. कीर्द-खतावणी लिहिणाऱ्या कुठल्याही माणसाला विचारा, कीर्दीतली जुनी नोंद कुणी खोडत नाही, चूक झाली तर उलट नोंद घालतात. म्हणजे ही कल्पना कंप्यूटरवाल्यांची नाहीच, हिशोब ठेवणाऱ्यांची आहे. स्टॉक हा लिहायचा आकडा नाहीये, नोंदींची बेरीज करून काढायचा आकडा आहे. डेटाबेसमध्ये ही बेरीज एका ओळीच्या क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नात, होते, पाहिजे तेव्हा, आणि मागच्या महिन्यातल्या एखाद्या तारखेला किती होते तेही त्याच नोंदींवरून निघतं.

एक गोष्ट यात हमखास चुकते ती एककाची. एकजण '२' लिहितो म्हणजे दोन खोकी, दुसरा '२००' लिहितो म्हणजे दोनशे बोल्ट, आणि दोन्ही एकाच गोष्टीबद्दल. त्यामुळे नग, मीटर, लिटर जे असेल ते पार्टच्या टेबलात एकदाच ठरवायचं आणि नोंद कायम त्यातच करायची. खोकं आलं तरी आतले नग लिहायचे.

आता 'नाव हीच ओळख'. परत तोच ६२०४ घ्या. आतला व्यास २० मिमी, बाहेरचा ४७, जाडी १४. दोन्ही बाजूंना रबर सील असलेलाच पाहिजे असेल तर एसकेएफच्या खोक्यावर २आरएसएच लिहिलेलं येतं, एनएसकेच्या डीडीयू, एनटीएनच्या एलएलयू. झेडझेड मात्र वेगळा, त्याला पत्र्याची शील्ड असते. एकाच रॅकवर ठेवायच्या मालाची तीन नावं, आणि वरून नुसतं '६२०४' म्हणून लिहिलेला चौथा, तो सीलवाला की शील्डवाला देव जाणे. बोल्टचंही तेच, नुसतं 'एम८' म्हटलं तर पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, १.२५ मिमी की १ मिमी? दाजींच्या जुन्या शीटमध्ये एकच ऑइल सील पाच स्पेलिंगनी होता, पाचही ठिकाणी थोडा थोडा स्टॉक, आणि तरी 'संपला' म्हणून नवीन मागवलेला. प्रत्येक पार्टला आपला एक कोड द्या, नाव बदललं तरी न बदलणारा. कंपनीची नावं वेगळ्या कॉलमात राहू देत.

एकाच टेबलाचा मुद्दा लवकर संपवतो, कारण यावर १९७० मध्येच उत्तर लिहून झालंय. आयबीएममधल्या एडगर कॉडनं त्या वर्षी रिलेशनल मॉडेलचा, म्हणजे माहिती एकमेकांशी जोडलेल्या टेबलांत ठेवायच्या पद्धतीचा, पेपर छापला, आणि माहितीची पुनरुक्ती झाली की तिच्यात विसंगती शिरते हा प्रश्न त्यात सरळ मांडलाय. वर्कशॉपच्या भाषेत सांगायचं तर सप्लायरचा फोन नंबर साठ ओळींत लिहिलाय, तो बदलला, तुम्ही एक्केचाळीस ओळींत बदलला, आता खरा कुठला? किंवा त्या सप्लायरचा शेवटचा पार्ट काढून टाकला तर त्याचा नंबरही गेला. म्हणून सप्लायर एका टेबलात एकदाच. पार्ट दुसऱ्या टेबलात, रॅक-कप्पा आणि किती उरले की मागवायचे हा आकडा तिथेच. एक पार्ट चौघांकडे मिळतो आणि एकजण शंभर पार्ट देतो, म्हणून कोण कुठला पार्ट काय भावानं देतो याचं तिसरं. आणि चौथं नोंदींचं. संपलं. यात खूळ कुठे आहे ते मला अजून दिसलेलं नाही.

'एक्सेलमध्ये लिहिलेलं कुठे जात नाही.' जात नसेल, पण बदलतं! '१०-१२' असा पार्ट नंबर टाका, त्याची तारीख होते. '०६०८' चा पुढचा शून्य जातो. '२ई५' चे दोन लाख होतात, कारण ई म्हणजे पुढे तेवढी शून्यं असं एक्सेल समजतं. हे मी उगाच घाबरवायला सांगत नाहीये, जनुकशास्त्रवाल्यांना हे इतकं भोवलं की २०१६ च्या एका अभ्यासात, ज्या शोधनिबंधांना जनुकांच्या एक्सेल याद्या जोडल्या होत्या त्यातल्या साधारण पाचव्या हिश्शात नावांच्या अशा चुका सापडल्या, आणि शेवटी २०२० मध्ये नावं ठरवणाऱ्या समितीनं 'मार्च१', 'सेप्ट१' असल्या, तारीख होऊन बसणाऱ्या जनुकांची नावंच बदलली. शिकलेसवरलेले लोक, रोज तेच काम करणारे, त्यांची ही गत. कॉलम आधीच 'टेक्स्ट' करून ठेवला तर हे टळतं, बरोबर आहे, पण घाईत नवीन शीट उघडणारा माणूस ते करत नाही.

सर्व्हर वगैरे काही लागत नाही. एसक्यूलाइट हा डेटाबेसचा प्रोग्रॅम फुकट आहे, २००० सालापासून आहे, सगळा डेटाबेस एका फाइलमध्ये बसतो, बंद करून पेनड्राइव्हवर कॉपी केली की झाला बॅकअप. फक्त दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, त्यात फॉरेन कीची, म्हणजे नोंदीतला पार्ट पार्टच्या टेबलात खरंच आहे का याची, तपासणी सहसा बंदच असते, दर कनेक्शनला (डेटाबेस उघडाल तेव्हा दर वेळी) ती चालू करावी लागते, नाहीतर नसलेल्या पार्टवरही नोंद आरामात घुसते. दोन, ती फाइल नेटवर्कवर शेअर करून तीन मशीनवरून एकाच वेळी लिहायला लावू नका, त्यांच्या स्वतःच्या कागदपत्रांतही हे सांगितलंय. तशी गरज असेल तर तिथे सर्व्हर लागतो, एवढ्यापुरता मेसेज खरा म्हणायचा.

अजून एक मान्य करतो. तीस-चाळीस पार्ट असतील आणि एकच माणूस काढघाल करत असेल तर वही पुरते, डेटाबेस कशाला. आणि रंगाचं टेबल, एककाचं टेबल असली बारा टेबलं काढणारेही मी बघितलेत, तो त्रासच आहे. पण वहीतसुद्धा ओळीखाली ओळच लिहितात, जुनी पुसून नाही.

दाजींचा बॅकअप लावून दिलाय. मधल्या अकरा दिवसांच्या नोंदी गेल्या त्या गेल्याच, जॉबकार्डवरून जेवढ्या मिळतील तेवढ्या ते स्वतः भरतायत. रविवारी दोघं मिळून सगळे रॅक मोजणार आहोत, आणि जिथे जुळणार नाही तिथे 'मोजणी फरक' ची एकेक ओळ घालणार.