‘घोट्याचं काय घेऊन बसलात, आधी उभं तर राहू दे’ या कमेंटला उत्तर

मणक्याच्या इजेनंतर चालायला शिकताना घोट्याच्या कंट्रोलवरही काम करायला हवं, या माझ्या पोस्टवरची तुमची कमेंट वाचली, रागबिग काही नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की भावाच्या मणक्याला मार लागलाय, कंबर-मांडीत जोर येणं महत्त्वाचं, घोट्याला स्प्लिंट (पाऊल धरून ठेवणारा आधार) लावला की विषय संपला, आणि मी उगाच लोकांना आशा लावतोय.

स्प्लिंटचं आधी घेऊ, कारण तिथे तुमचं अर्धं बरोबर आहे. पाय पुढे टाकताना चवडा जमिनीपासून जेमतेम एक-दोन सेंटीमीटर वर असतो, धडधाकट माणसाचा पण! नडगीवरचा स्नायू जरा उशिरा जागा झाला की ठेच लागलीच, मग माणूस कंबर वर खेचतो नाहीतर पाय बाहेरून फिरवून आणतो आणि दहा पावलांत दमतो. स्प्लिंटने हे लगेच कमी होतं, वापरू नका असं मी म्हणतच नाहीये. पण मागच्या पायाची टाच उचलून अंग पुढे ढकलायचं काम पोटरीचं, चालण्यातला मोठा रेटा तिथूनच येतो, आणि कडक स्प्लिंट नेमकी तीच हालचाल बांधून टाकतो ना.

दुसरं म्हणजे जोर आणि कंट्रोल या वेगळ्या गोष्टी आहेत. खाटेवर पडून पाऊल छान वर ओढणारा पेशंट उभा केला की तेच पाऊल लटकतं, किंवा टाच टेकताना पोटरी ताणली जाते आणि पाय सेकंदाला पाच-सात वेळा ठकठक नाचायला लागतो, क्लोनस म्हणतात तो. स्नायू आहे, जोरही आहे, पण कधी आवळायचं आणि कधी सोडायचं हा मेंदूचा निरोप मज्जारज्जूतून धड खाली पोचत नाही. २०१३ मध्ये एका छोट्या अभ्यासात मज्जारज्जूला अर्धवट इजा झालेल्यांना, म्हणजे इजेच्या खाली थोडी संवेदना किंवा हालचाल शिल्लक असलेल्यांना, स्क्रीनवर स्वतःच्या रिफ्लेक्सचं माप बघत बघत पोटरीचा रिफ्लेक्स (आपोआप आवळणं) कमी करायला शिकवलं, जोर वाढवायचा व्यायाम नव्हेच, आणि ज्यांना ते जमलं त्यांचं चालणं वेगवान झालं, लंगडणंही कमी झालं.

आता आशेचं. मी लिहिलं ते अर्धवट इजेबद्दल, त्यातही इजेच्या खाली थोडीतरी हालचाल शिल्लक आहे अशांबद्दल. पूर्ण इजेत हे गणित लागू नाही. आणि महागड्या मशीनची जाहिरात तर मी करणारच नाही, कारण २००६ च्या मोठ्या ट्रायलमध्ये पट्ट्याने टांगून ट्रेडमिलवर चालवलेले आणि साधे जमिनीवर चालवलेले, दोघांचा रिझल्ट सारखाच आला होता.

भावाची मांडी अजून कमजोर असेल तर कडक स्प्लिंटच राहू द्या, तो गुडघ्यालाही सावरतो. गुडघा स्थिर झाला की फिजिओला घोट्यापाशी बिजागरी असलेल्या स्प्लिंटबद्दल विचारा. आणि रोज संध्याकाळी स्प्लिंट काढून टाच आणि घोट्याची हाडं स्वतः बघा, त्याला तिथे टोचलेलं कळत नसेल. लाल डाग अर्ध्या तासात गेला नाही तर तो स्प्लिंट परत घालू नका, आधी दुरुस्त करून घ्या.