शाळेतलं ९० टक्के विसरतो म्हणे!

परवा आमच्या फॅमिली ग्रुपवर भाऊजींनी एक फॉरवर्ड टाकला. तुमच्याकडेही येऊन गेला असेल. सोबत व्हिडिओ, त्यात एक पोरगा माइक घेऊन रस्त्यात उभा आहे आणि येणाऱ्याजाणाऱ्या चाळिशीच्या लोकांना दहावीचे प्रश्न विचारतोय, कोणालाच काही येत नाही, मागून खिदळण्याचा आवाज. खाली मजकूर असा की शाळेत शिकलेलं ९० टक्के आपण पाच वर्षांत विसरतो हे हार्वर्डने सिद्ध केलंय, माणसाच्या वाचलेलं १० टक्के, ऐकलेलं २० टक्के, पाहिलेलं ३० टक्के आणि स्वतः केलेलं ९० टक्के लक्षात राहतं, आज मोठ्यांना दहावीच्या पेपरला बसवलं तर शंभरातले पंच्याण्णव नापास होतील, आइन्स्टाईनसुद्धा हेच म्हणून गेलाय, तेव्हा मुलांना बीजगणित-भूमितीच्या मागे लावू नका, आयुष्यात काही कामाला येत नाही. आणि शेवटी हात जोडलेले.

सोडून दिलं असतं हो. पण भाची नववीत आहे. तिने स्वतःच्या बापाचाच फॉरवर्ड आईपुढे धरला आणि गणिताचा क्लास बंद करते म्हणाली. रात्री साडेदहाला ताईचा मला फोन, "आता तूच समजाव हिला." म्हणून हा खटाटोप.

आधी ते ९० टक्के. हार्वर्डमध्ये कोणी केलं, कधी केलं, कोणावर केलं, काही पत्ता नाही. त्याखाली जो घसरगुंडीसारखा ग्राफ चिकटवलाय तो हार्वर्डचा नाहीच, तो हर्मान एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाचा आहे, १८८५ सालचा. या बाबाने कोणाची शाळाबिळा तपासली नव्हती. ज्यांना काही अर्थच नाही अशा अक्षरांच्या याद्या बनवल्या, स्वतःच पाठ केल्या आणि स्वतःच विसरून बघितल्या. प्रयोगात माणूस एकच, तो स्वतः! निरर्थक अक्षरं आणि पायथागोरसचा सिद्धांत यात काहीतरी फरक आहे की नाही? आणि त्याने मोजलं काय, तर तीच यादी पुन्हा पाठ करताना पहिल्यापेक्षा किती कमी वेळ लागतो. महिना उलटल्यावरही साधारण एकपंचमांश कष्ट वाचत होते, म्हणजे आठवत नाही असं वाटणारंही आत कुठेतरी शिल्लक होतं. हे मात्र फॉरवर्डमध्ये नाही.

ते १०-२०-३० वालं तर सरळसरळ थाप आहे. सगळे आकडे शून्यावर संपणारे, असा निकाल जगात कुठल्या प्रयोगातून निघतो? एडगर डेल नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाने १९४६ मध्ये शिकवण्याच्या साधनांचा एक शंकू काढून दाखवला होता, त्यात टक्केवारी अजिबात नव्हती. आकडे नंतर कोणीतरी डकवले आणि तेव्हापासून ट्रेनिंगवाले स्लाइडवर लावतायत. आमच्या ऑफिसातही लावून झालंय. पुढे चला.

आता खरा मुद्दा, ज्यामुळे माझं डोकं फिरलं. विसरतो म्हणून शिकवू नका.

शाळेतल्या बीजगणिताचं पुढे काय होतं यावर खरोखर अभ्यास झालाय. हॅरी बाहरिक आणि लिंडा हॉल हे दोन मानसशास्त्रज्ञ, अमेरिका, १९९१. सतराशेच्या वर लोक घेतले, कोणी नुकतंच शाळेतून निघालेलं, कोणी शाळा सोडून पन्नास वर्षं झालेलं, आणि त्यांची बीजगणित-भूमितीची परीक्षा घेतली. आता नीट ऐका. ज्यांनी हायस्कूलनंतर गणित सोडलं त्यांचं बीजगणित हळूहळू इतकं गेलं की शेवटी शेवटी अंदाजाने टिक करण्यापेक्षा फार वेगळं उरलं नाही. इथे भाऊजींचा फॉरवर्ड अर्धा खरा आहे, मान्य, मान्य. पण शाळेत त्यांच्याइतकेच मार्क असलेले जे लोक पुढे कॉलेजात कॅल्क्युलस किंवा त्याच्या वरचं गणित शिकले, त्यांचं शाळेतलं बीजगणित पन्नास वर्षांनंतरही जवळपास जसंच्या तसं होतं, आणि मधल्या काळात उजळणी केलेली नसतानाही. अजून गंमत म्हणजे विसरण्याच्या वेगावर मार्कांचा फारसा परिणामच दिसला नाही. हुशार होता की ढ यापेक्षा ते गणित किती वर्षं पुन्हा पुन्हा समोर येत राहिलं याने फरक पडला.

म्हणजे निष्कर्ष नेमका उलटा निघतो. लवकर सोडलं तर जातं, दोनचार वर्षं जास्त धरून ठेवलं तर जन्मभर राहतं. आणि नववीतल्या पोरीला आपण काय सांगतोय, तर सोड. दहावीला कसेबसे पस्तीस काढायचे, आर्ट्सला जायचं, गणिताचं तोंड बघायचं नाही आणि चाळिशीत कोणीतरी माइक पुढे केला की हसायचं, मग त्याचाच फॉरवर्ड करून पुढच्या पिढीला पाठवायचा!

याच बाहरिकने १९८४ मध्ये शाळेत स्पॅनिश शिकलेल्या सातशेतेहतीस जणांना तपासलं होतं. पहिली तीन ते सहा वर्षं घसरण जोरात, आणि मग पुढची तीसेक वर्षं उरलेलं जवळजवळ हलतच नाही. त्यामुळे पाच वर्षांत काय गेलं एवढंच दाखवणं म्हणजे उतार दाखवायचा आणि पुढचं पठार झाकून ठेवायचं.

भाऊजींबद्दल एक सांगायलाच हवं (वाचतीलच ते हे). गेल्या दिवाळीत याच गृहस्थांनी मला अर्धा तास बसवून समजावलं होतं की होमलोनचे जादा पैसे पहिल्या वर्षांत भरले तर व्याज किती वाचतं आणि शेवटच्या वर्षांत भरून काही उपयोग का नाही. कागदाच्या पाठीमागे हिशेब मांडून. ते चक्रवाढ व्याज कुठून आलं? कोणत्या इयत्तेत शिकलो हे आठवत नाही म्हणून ते शाळेचं नाही असं वाटतं, एवढंच.

आता तो व्हिडिओ. भर रस्त्यात, कॅमेरा तोंडावर, पूर्वसूचना नाही, आणि प्रश्न काय तर पॅराबोलाचं समीकरण सांगा. अशाने त्या माइकवाल्यालाही काही आठवणार नाही. आठवून सांगणं, समोर ठेवल्यावर ओळखणं आणि पुन्हा शिकताना पटकन जमणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि व्हिडिओवाला सगळ्यात अवघड तेवढी तपासून बाकीच्या दोन शून्य धरतो. पंच्याण्णव नापास हा आकडाही असाच, पेपर कोणी घेतला, कुठे, किती जणांचा, काहीच नाही.

आमच्या आईचं उदाहरण देते. ती जुनी अकरावी झालेली, नंतर संसार आणि शिवणकाम, बीजगणिताशी संबंध संपला. ताईकडे गेली होती तेव्हा भाची एक्स वर्ग अधिक सात एक्स अधिक बाराचे अवयव पाडत बसली होती, पाडत म्हणजे रडत. आईला विचारलं तर आधी "मला मेलीला आता काय आठवतंय." मग चष्मा लावून पुस्तकातलं वरचं एक सोडवलेलं उदाहरण बोट फिरवत वाचलं, थोडा वेळ गप्प, आणि म्हणाली, "अगं, बाराचे असे दोन तुकडे शोध की बेरीज सात येईल. तीन आणि चार. आता मधल्या सातची फोड कर." पुढची दोन उदाहरणं तिने सांगितली, भाचीने फक्त लिहिली. हिला माइकवाल्याने रस्त्यात गाठलं असतं तर नापासांत मोजली असती. एका आईवरून काही सिद्ध होत नाही हे मला कळतं, म्हणून तर सतराशेंचा अभ्यास आधी सांगितला.

आणि कोणालाच काही आठवत नाही हेही खोटं. तानापिहिनिपाजा म्हणून बघा कुठल्याही मराठी माणसासमोर. पानिपत १७६१ विचारा, सनावळीत काठावर पास झालेलाही सांगेल, वर चौदा जानेवारी हेही सांगेल, कारण ते आपल्या रोजच्या बोलण्यात आहे, कुठे काही बिनसलं की पानिपत झालं म्हणतोच आपण. न न म य य गणांनी मालिनी वृत्त होते, हे मला अजून झोपेत येतं. मालिनीतली एक कविता म्हणून दाखव म्हणाल तर मात्र पंचाईत. तेव्हा हो, काय टिकतं आणि काय टिकायला हवं यात गोंधळ आहे, परीक्षेच्या आदल्या रात्री घोकलेलं राहत नाही, आणि आपल्याकडे घोकंपट्टी फार आहे. यावर भांडा की! मी येते बरोबर. पण त्याचा इलाज भूमिती बंद करणं हा नाही.

आइन्स्टाईनचं एका वाक्यात उरकते. १९३६ मध्ये आल्बनीच्या भाषणात तो म्हणाला खरा, की शाळेत शिकलेलं सगळं विसरल्यावर जे उरतं ते शिक्षण, पण ते कोणा चतुर माणसाचं म्हणून सांगितलं, स्वतःचं म्हणून नाही, आणि शिकूच नका असा त्याचा अर्थ काढायला फॅमिली ग्रुपच लागतो.

भाऊजींना मोठ्यांची परीक्षा घ्यायचीच असेल तर नीट घ्या. चाळिशीचे दहा जण घ्या दहावी गणित केलेले, दहा जण गणित कधीच न शिकलेले, दोघांनाही एकच धडा आठवडाभर शिकवा आणि मग पेपर द्या. कोण किती लवकर उचलतं ते बघा आणि ते टाका ग्रुपवर. पहिल्या दहांत माझं नाव लिहून घ्या. क्लास चालू ठेवायचं मी ताईला सांगितलंय, भाचीला कळवा.